महाराजांचा मुक्काम

कुआला सेपेतांग, मलेशिया, १४ एप्रिल

चि. हून हिला बेंग हाईमामाचा आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र परत पाठवायचं तर उठून पोस्टात जावं लागतं आणि तेवढा उत्साह तुला लहानपणापासून नाही. तेव्हा हे पर्थच्या तुझ्या घरात कुठेतरी पडून तरी राहील. कधीतरी वाचशील.

गेल्या आठवड्यात आजी-आजोबांच्या थडग्यांवर जाऊन आलो. गवत मीच कापलं, आता दुसरं कोण आहे? तुझ्या आईने कोंबडी, संत्री आणि आजोबांच्या आवडीची काळी कॉफी मांडली. भाऊजी, म्हणजे तुझे बाबाही आले होते. पण ते आमच्यापाशी थांबले नाहीत. शेजारच्या थडग्यावर कुणीतरी मांडलेली केळी उचलून तिथेच सोलून खायला बसले. त्या घरची माणसं आधी भडकली, मग तोंड ओळखून हात जोडून उभी राहिली. "वानरमहाराज आमच्या आजोबांचा प्रसाद खातायत," म्हणून त्यांच्या सुनेने फोटोसुद्धा काढला.

बाकी इथे सगळं ठीक. कोळंबी कमी, चिखल जास्त. आंगशेठने धक्क्यावर पर्यटकांसाठी आणखी एक हॉटेल काढलं आहे आणि देवळाच्या कमिटीचा अध्यक्षही अजून तोच आहे.

भाऊजींची तब्येत उत्तम. फक्त महाराज हल्ली जरा जास्त वेळ येतात. पूर्वी कसं, देवळात ढोल वाजला, उदबत्त्यांचा धूर कोंदला की भाऊजींच्या अंगात यायचे, लोकांची गाऱ्हाणी ऐकायचे, चार टवाळ्या करायचे आणि जायचे. ते चिरक्या आवाजात काय बोलले ते मी शेजारी उभा राहून लोकांना उलगडून सांगायचो. आता ढोलाची वाट बघत नाहीत. सकाळी पेज खाता खाता येतात, न्हाणीघरात येतात, एकदा आले की दुपारपर्यंत हलत नाहीत. गावात सगळ्यांना याचं कौतुक आहे. देव येतात सगळीकडे, पण मुक्कामाला राहिले ते फक्त आपल्याकडे, असं तुझी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

हे वाचून तुझ्या कपाळाला आठ्या पडणार, मला दिसतायत. तुझ्या लग्नात, वडीलधाऱ्यांना मानाचा चहा द्यायच्या वेळी सगळ्या नातेवाइकांदेखत तू बापाला म्हणालीस, "तुमच्या अंगात देव नाही, सैतान येतो." आणि त्यांनी तुझ्या हातातला कप घेतला नाही. तू गुडघ्यांवर बसलेली, हातात कप, आणि तो माणूस भिंतीकडे बघत बसलेला. कुणाचं चुकलं ते मी त्या वेळीही सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. तू चर्चमध्ये जाऊन तुझ्या देवाची झालीस, ते त्यांच्या देवाचे होतेच. मधल्या मधे माझी ताई भरडली गेली.

पत्राचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण दे.

तुझा मामा


२ जून

चि. हून,

तुझा मेसेज मिळाला. एवढ्या वर्षांनी आला आणि त्यात ना 'मामा कसे आहात', ना आईची चौकशी. 'बाबांना डॉक्टरकडे न्या.' बस्स. तार आल्यासारखं वाटलं.

डॉक्टरकडे कशाला? ताप नाही, खोकला नाही, भूक तर माझ्यापेक्षा चांगली आहे. जेवले की लगेच विचारतात, जेवायला कधी वाढणार. ताई पुन्हा वाढते. महाराजांना नाही कसं म्हणायचं?

ताईचं बोलणंच बदललंय. नवऱ्याशी ती जन्मभर कशी बोलली, तुला माहीत आहे. "ए म्हाताऱ्या, पाय पूस." "ए म्हाताऱ्या, जाळं काय उद्या विणणार का?" आता म्हणते, "महाराज, पाय पुढे करता का?" वाकून त्यांचे पाय पुसते. समोर महाराजांच्या आवडीचे पीच ठेवते, ताजे मिळाले नाहीत तर डब्यातले. ते कधी खातात, कधी खिशात भरतात, आणि संध्याकाळी पाकातल्या पीचने भरलेले खिसे ती हसत हसत धुते. मला ते बघवत नाही. मी कॉफी पिऊन निघून येतो.

तू लहान होतीस तेव्हाची गोष्ट आठवते? टीव्हीवर आपल्या महाराजांची, वानरराजाची चिनी मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा रंगीत टीव्ही फक्त आंगशेठच्या दुकानात. भाऊजी बोटीवरून उतरून तसेच, अंगाला मासळीचा वास घेऊन, पहिल्या रांगेत जाऊन बसायचे. त्या वर्षीच्या उत्सवात महाराज आले ते कपाळावर आडवा हात धरून दूरवर बघत, अगदी टीव्हीतल्या नटासारखे. त्याआधी महाराजांनी कधी असं बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "भाऊजी, देवाने टीव्ही बघितलेला दिसतोय."

त्यावर ते काय म्हणाले माहीत आहे? "मग? सगळं जग बघतंय, त्याने का बघू नये? त्याच्यावरच तर काढलाय."

मी हसून हसून खाली बसलो होतो. पुढे कार्टूनं आली, सिनेमे आले, सगळे त्यांनी बघितले आणि सगळ्यांना नावं ठेवली. याच्या गुडघ्यात दम नाही, त्याची शेपटीच खोटी दिसते. एका सिनेमात वानरराजा कुणा मुलीसाठी रडताना दाखवला, तेव्हा तर अर्ध्यातून उठून आले. "पाचशे वर्षं डोंगराखाली दबला होता तेव्हासुद्धा नाही रडला तो. आणि हे त्याला रडवतायत!" घरी येऊन तुझ्या आईवरच ओरडले. तिने काय केलं होतं बिचारीने?

परवा तीच जुनी मालिका पुन्हा लागली. मी मुद्दाम लावून दिली. पडद्यावर वानरराजा सोंटा फिरवत आला आणि भाऊजी खुर्चीतून उठून माझ्या पाठीमागे लपले. माझा शर्ट मुठीत धरून.

हून, मी तीस-पस्तीस वर्षं महाराजांच्या शेजारी उभा आहे. मी देव मानतो. महाराज अंगात आले की काय होतं ते मी सगळ्यांत जवळून बघितलं आहे. साठीचा माणूस उभ्या उडीत टेबलावर चढायचा. आंगशेठच्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घालायचा. स्वर्गाच्या राजाला ज्याने पळता भुई थोडी केली, तो कुणाला घाबरत नाही. आणि आमच्या घरात जे मुक्कामाला आहे ते छताच्या पंख्याला घाबरतं.

हे मी अजून कुणालाच बोललेलो नाही.

मामा


७ जुलै

चि. हून,

तू लगेच उत्तर पाठवलंस, यातच सगळं आलं. आता मीही सांगून टाकतो.

डॉक्टरकडे मी त्यांना मे महिन्यातच घेऊन गेलो होतो. इपोहच्या मोठ्या दवाखान्यात. ताईला सांगितलं, दात दाखवायला नेतो. डॉक्टरीणबाई तरुण होती, तमिळ होती, आपली होक्कियेन बोलायची. तिने भाऊजींना घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी गोल काढला आणि त्यात मासा काढला. छान काढला होता मासा. तिने मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की मेंदू हळूहळू आटत चालला आहे, औषधाने थोडा वेग कमी होईल, पण मागे फिरणार नाही. येताना बसमध्ये ते खिडकीला नाक लावून बसले होते. मध्येच वळून मला म्हणाले, "तुम्ही कुठे उतरणार?" मी म्हटलं, तुम्ही उतराल तिथेच. त्यांना बरं वाटलं.

गोळ्या मी कॉफीत घालून देतो. ताईला माहीत नाही.

तू लिहितेस, आईला सगळं स्पष्ट सांगा. सांगणं सोपं आहे गं, पर्थहून. मी एकदा सुरुवात केली होती. म्हटलं, ताई, भाऊजींना हल्ली काही आठवत नाही बघ. ती वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "महाराजांना बायकापोरं कुठली आठवणार? त्यांना कधी होती का?" आणि मग हळूच म्हणाली, "बेंग हाई, हे गेले नाहीयेत. ह्यांच्या घरी पाहुणा आलाय, एवढंच. पाहुणा गेला की हे येतील." तिच्या हातातलं भांडं घेऊन वाटाणे सोलत बसलो.

आता तुझ्याकडे काम आहे, म्हणून हे पत्र.

आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी महाराजांचा वाढदिवस. दरवर्षीसारखाच यंदाही उत्सव. त्यात महाराज तलवारीने स्वतःची जीभ चिरतात आणि ते रक्त पिवळ्या कागदांवर टेकवून लोकांना ताईत देतात. तू लहानपणी हे बघून ओकली होतीस. महाराज अंगात असतात तेव्हा तलवार कुठे थांबवायची ते त्यांना कळतं. दुसऱ्या दिवशी भाऊजी मिठाच्या गुळण्या करून पेज खायचे. पण यंदा तलवार हातात घेणारा माणूस कोण असेल? परवा त्यांनी माझ्यासमोर दाढीचं ब्लेड तोंडात घातलं, बिस्किट समजून. मी बोट घालून काढलं.

गादीवरून उतरायचं तर महाराजांची परवानगी लागते. मूर्तीपुढे लाकडाचे ते दोन चंद्रकोरी तुकडे टाकून कौल लावायचा. एक उताणा, एक पालथा, असं लागोपाठ तीनदा पडलं की महाराजांनी सोडलं. हे ज्याच्या अंगात येतं त्याने स्वतः विचारायचं. त्याला जमत नसेल तर त्याच्या रक्ताच्या माणसाने. बायकोचं चालत नाही, मेव्हण्याचं तर नाहीच. तरी मी गुपचूप लावून बघितला. दोन्ही तुकडे उताणे पडले. असं पडलं की देव हसला म्हणतात.

रक्ताचं माणूस म्हणजे तू एकटीच.

विमानाने ये. मूर्तीला हात जोडू नकोस, उदबत्ती धरू नकोस, मनात तुझ्याच देवाचं नाव घे. पण ते दोन तुकडे तेवढे हातात घेऊन टाक. बापाला उतरव तिथून.

मामा


२८ ऑगस्ट

गाइक हून हिस,

पत्र पोचलं. 'त्या देवळात मी पाऊल ठेवणार नाही, माझ्या श्रद्धेशी मी खोटं वागू शकत नाही. तुम्ही पोलिसांना सांगा, डॉक्टरचा कागद दाखवा.' वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं.

तुझ्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. तुझ्या बापानेही स्वतःच्या श्रद्धेपायी मुलीच्या हातचा चहा नाकारला होता. तू त्याचीच लेक, शोभतेस. मला फक्त एवढंच कळत नाही की दोन्हीकडचे देव इतके थोर असताना दोन लाकडाच्या तुकड्यांवरून त्यांचं अडतं कसं.

रागावलो आहे, म्हणून पूर्ण नावाने हाक मारून असं लिहितोय. खोडत नाही. वाच.

सध्या भुतांचा महिना चालू आहे. धक्क्यावर रोज कुणाचं ना कुणाचं जेवण मांडलेलं असतं, मेलेल्यांसाठी. तुझे बाबा जाऊन ते खातात. गावातली माणसं म्हणतात, महाराजांना भुतांची कसली भीती. कुत्रीसुद्धा खातात ते, पण त्यांना कोणी महाराज म्हणत नाही.

त्यात यंदा आणखी एक फॅड. वानरराजाचा कुठला तरी नवा व्हिडिओ गेम आलाय म्हणे, सगळ्या जगात गाजतोय. पेनांगहून पोरं गाड्या भरभरून येतात. त्यांना खरा वानरराजा बघायचा असतो. आंगशेठने भाऊजींचा मोठा फोटो छापून रस्त्यावर लावलाय, डोक्यावर सोनेरी कडं, हातात सोंटा. पोरं येतात, भाऊजींच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. ते हसतात. कुणीही हात टाकला की हसतात हल्ली.

मी आंगशेठकडे गेलो. म्हटलं, "शेठ, यंदा तलवार नको. म्हातारा थकलाय."

"म्हातारा थकेल, महाराज थकतात का?" आंगशेठ म्हणाला. "आणि पूर्वी तू काळजी करायचास की यंदा महाराज येतील ना. आता तर ते घरातच आहेत. कशाला घाबरतोस?"

"आणि ते महाराज नसतील तर?"

तो हसायचा थांबला. वाईट माणूस नाही तो. मला म्हणाला, "बेंग हाई, हे तू बोललास, मी ऐकलं नाही. तुझी ताई माझ्या बायकोजवळ बसून रोज काय सांगते माहीत आहे? ती या मुक्कामावर जगतेय. तू तिला जाऊन सांग आधी, मग मला सांग."

डॉक्टरचा कागद माझ्या खिशात होता. बाहेर काढला नाही. पोलिसांकडेही मी जाणार नाही. पोलीस येणार, भाऊजींना गाडीत घालणार, आणि माझी ताई रस्त्यावर त्या गाडीमागे धावणार. हे तुला चालत असेल तर तू ये आणि तू सांग पोलिसांना.

बेंग हाई


१५ सप्टेंबर

हून,

गेल्या पत्रात जास्त बोललो. मामा आहे, सोड.

तुझ्या आईने पौर्णिमेचे मूनकेक केले आहेत, तुझ्या आवडीचे, मुगाचे. कुणासाठी केले, विचारलं तर म्हणाली, महाराजांसाठी. महाराजांना मुगाचे कधीपासून आवडायला लागले?

मूर्तीपुढचं ते भगवं, कशिद्याचं पोटाला बांधायचं वस्त्र तिने धुऊन, इस्त्री करून ठेवलं आहे. भाऊजी बारीक झालेत म्हणून बंद आखूड केले. ती शिवत होती आणि ते शेजारी बसून तिच्या रिळाचा दोरा बोटाला गुंडाळत होते. इतकं शांत घर मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, का मोडायचं हे? ज्याला त्रास आहे त्याला कळत नाही, आणि जिला कळेल ती सुखात आहे. मी एकटाच का मधे तडफडतोय?

मग ती तलवार आठवली.

मी काय करणार आहे मला माहीत नाही. तू प्रार्थना करतेस ना रोज? कर.

मामा


३० सप्टेंबर

प्रिय हून,

कुणाकडून काही ऐकलं असशील तर ते बाजूला ठेव. काय झालं ते मी सांगतो.

उत्सवाच्या दिवशी संध्याकाळी देवळापुढे उभं राहायला जागा नव्हती. इपोहहून बसेस आल्या होत्या. गेमवाली पोरं वानराचे मुखवटे घालून आली होती. भाऊजींना आम्ही देवाच्या खुर्चीत बसवलं, ताईने स्वतः ते भगवं वस्त्र त्यांच्या पोटाला बांधलं. ढोल सुरू झाला, झांजा सुरू झाल्या, फटाक्यांच्या माळा लागल्या.

पूर्वी ढोल ऐकला की त्यांचे पाय थरथरायला लागायचे, मान डोलायची, आणि मग एकदम ती उडी. यंदा त्यांनी कानांवर हात ठेवले. लोकांना वाटलं, महाराज आले. आरोळी उठली. आंगशेठने तलवार दोन्ही हातांवर धरून पुढे केली आणि भाऊजींनी ती घेतली. पात्याकडून घेतली, हून. मुठीकडून नाही. तळहातातून रक्त आलं, त्यांनी त्याकडे बघितलं आणि ते रडायला लागले. लहान मुलासारखे, तोंड उघडं टाकून.

ढोलवाला थांबला. मी तलवार काढून घेतली आणि नेहमीसारखा त्यांच्या तोंडाशी कान नेला, कारण ते काहीतरी बोलत होते. चिरका आवाज नव्हता. त्यांचा स्वतःचा आवाज होता, बोटीवरून हाक मारायचे तो. मला म्हणाले, "अहो, ही एवढी माणसं कोण? मला जाऊ द्या. हूनची शाळा सुटली असेल. ती फाटकाशी एकटीच उभी असेल."

आंगशेठ हळूच म्हणाला, "महाराज काय म्हणाले?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ताई पहिल्या रांगेत उदबत्त्या धरून उभी होती. मी काहीही सांगू शकलो असतो. यंदा रक्त नको, असं महाराज म्हणतात, एवढं सांगितलं असतं तरी निभावलं असतं. लोक घरी गेले असते, ताईचा मुक्काम टिकला असता, मीही पुढच्या वर्षी तिथेच उभा राहिलो असतो. जिभेवर आलं होतं ते. पण पुढच्या वर्षी तो पुन्हा त्या खुर्चीत बसला असता.

मी म्हणालो, "महाराज काही म्हणाले नाहीत. महाराज आलेलेच नाहीत. बऱ्याच दिवसांत आलेले नाहीत. हा आपला बान तोंग आहे. आजारी आहे, त्याला काही आठवत नाही. विचारतोय, माझी मुलगी शाळेतून आली का."

माझा आवाज इतका मोठा का निघाला, मला माहीत नाही.

कुणी ओरडेल, कुणी मला मारेल असं वाटलं होतं. कुणी काही केलं नाही. मुखवटेवाल्या एका पोराने मुखवटा काढला. मग दुसऱ्याने काढला. आंगशेठ जमिनीकडे बघत राहिला.

मी ताईकडे बघितलं. तिने उदबत्त्या खोवल्या. सावकाश, एकेक, राख पडू न देता. मग ती खुर्चीपाशी आली आणि त्यांच्या पोटावरच्या वस्त्राच्या गाठी सोडायला लागली. कौल लावायला हवा, असं कमिटीतलं कोणीतरी पुटपुटलं. तिने ऐकलं नाही. गाठ निघेना, तेव्हा तिने दाताने सोडली. वस्त्र आंगशेठच्या हातात दिलं आणि नवऱ्याचा रक्ताळलेला हात आपल्या सदऱ्याच्या टोकात गुंडाळला. म्हणाली, "चल रे म्हाताऱ्या. घरी चल."

"हून?" ते म्हणाले.

"येतेय. वाटेत आहे," ती म्हणाली.

लोकांनी वाट करून दिली. ते दोघं त्या गर्दीतून घरी गेले. मी मागे देवळातच थांबलो, माझ्याने त्यांच्यामागे जाववलं नाही.

ताई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी कॉफी पुढे ठेवून म्हणाली, "तुला कधीपासून माहीत होतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मलाही." एवढंच. मग ओट्याला टेकून रडली. हून, इतक्या महिन्यांचं रडली ती. माझ्या बहिणीचा नवरा तिच्यासमोर बसून कॉफीत बोट बुडवत होता, आणि त्याच्या असण्याचं नाटक करायला आता कुणी देवसुद्धा उरला नव्हता.

भाऊजींचा हात बरा होतोय. पण त्या दिवसापासून एक नवीन चालू झालं आहे. रोज दुपारी शाळेची घंटा व्हायच्या आधी ते घरातून निघतात आणि तुझ्या जुन्या शाळेच्या फाटकाशी बाकावर जाऊन बसतात. वाट बरोबर सापडते, बाकी काही सापडत नाही. घंटा होते, पोरं बाहेर येतात. दप्तर पाठीला लावलेली, कपाळावर केस कापलेली प्रत्येक मुलगी ते नीट बघतात. सगळी गेली, वॉचमनने फाटक ओढलं, की उठतात. घरी येऊन ताईला म्हणतात, "आज उशीर झाला तिला." ताई म्हणते, "होतो कधी कधी." दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात.

मी आता तुला देवळात बोलावत नाही. कौल नको, तुकडे नकोत, सगळं संपलं ते. तुझ्या देवाची काही अडचण होईल असं इथे काही उरलेलं नाही. आहे तो फक्त एक बाक, रस्त्याच्या कडेला, शिरीषाच्या झाडाखाली.

तू ये. फसवत नाही तुला, तो तुला ओळखणार नाही. तू समोर उभी राहिलीस तर तो मान वाकडी करून तुझ्या मागे बघेल, छोटी हून येतेय का म्हणून. तरी ये. बाकावर त्याच्या शेजारी जागा असते. तिथे बस, आणि त्याच्याबरोबर थोडा वेळ तिची वाट बघ.

तुझा मामा